पटवेकरकाकांना आभाराचं पत्र

ती. स्व. पटवेकरकाकांस,
सा. न. वि. वि.

मातीची ठुशी, बोरमाळ, पुतळीमाळ घडवणाऱ्या आम्हा बडोद्यातल्या मराठी मंडळींना तुम्ही आमचे मणी ओवून जे दिलंत, ते भट्टीपाशी मिळत नाही. नक्षी साच्यातून उचलता येते. पण ठुशी गळ्याला बिलगते आणि बोरमाळ छातीवर उतरते, ते तुमच्या दोऱ्यामुळे. आज्या-पणज्यांच्या दागिन्यांची आठवण आम्हाला त्या बसण्यातच सापडते.

पहिला धडा भोकाचा. स्टोनवेअरची, म्हणजे कडक आचेवर भाजायची माती वाळून-भाजून १२ टक्के आटली, तर २.५ मिमीचं भोक २.२ वर येतं. त्यात ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, उतरला की रेशमाचा पेड अडकलाच. आता भोक ३ मिमी ठेवतो आणि तोंडांना मेण लावूनच मणी ग्लेझमध्ये बुडवतो. भोकाची कड धारदार राहिली तर रेशीम आतून कातरत जातं आणि बोल मात्र ओवणाऱ्याला लागतो! माती अर्धवट वाळलेली असतानाच दोन्ही तोंडांत निमुळती काडी फिरवायची, ओल्या स्पंजने पुसायचं. भाजल्यावर उरलेली धार डायमंडच्या बिटने, पाणी सोडत घासायची.

वजनाचं गणित त्याहून नाजूक. १२ मिमीचा भरीव मणी साधारण २ ग्रॅमचा, म्हणजे ४० मण्यांचे ८० ग्रॅम. माळ पूर्ण मण्यांची केली तर मान ओढली जाते. तुम्ही मागचा तिसरा हिस्सा नुसत्या गोफाचा केलात आणि सरकती गाठ दिलीत, त्यामुळे तीच ठुशी सासूच्या गळ्यात बसते आणि सुनेच्याही. बोरमाळेत दर मण्यामागे गाठ मारलीत, म्हणून ग्लेझचे टवके उडत नाहीत. ठुशीत मणी खेटूनच हवेत. तिथे टेकणाऱ्या बाजू बिनग्लेझच्या ठेवा, हेही तुम्हीच सुचवलंत.

भट्टीत मणी ज्या तारेत अडकवतो ती निक्रोमची (निकेल-क्रोमियमची) तार १२०० अंशांपुढे लवते आणि मणी एकमेकांना चिकटतात, एवढं आम्ही सांभाळतो: तार आखूड, मणी मोजके.

खंडेराव महाराजांनी मोत्यांची चादर करवून घेतली त्या शहरात ओवणकाम दुय्यम कसं मानायचं? प्रदर्शनातल्या प्रत्येक माळेच्या पाटीवर तुमचं नाव आमच्या नावांच्या बरोबरीने, त्याच टायपात छापायचं ठरवलं आहे. नाव कसं लिहायचं ते तेवढं कळवा.

आपली,
मातीकाम करणारी मंडळी, बडोदे