न आवडलेल्या केकविषयी ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

स्पंज, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण), पायपिंग (पिशवीतून क्रीम दाबून काढायची नक्षी) हे सारे तुम्ही शिकवलेत, त्याबद्दलचे आभार मी तुमच्यासमोर अनेकदा मानले आहेत. आजचे आभार वेगळ्या गोष्टीसाठी आहेत. ग्राहकाने मागितलेला केक आपल्याला मनापासून आवडत नसेल, तर तो कसा करायचा, कोणता करायचा नाही आणि या दोहोंतला फरक कसा ओळखायचा, हे मला तुमच्याखेरीज कोणीही सांगितले नव्हते. केक करणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न पडतो आणि आपल्यात त्याविषयी फारच कमी बोलले जाते, म्हणून हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

लेथच्या केकपासून सुरुवात करते, कारण माझी मोठी चूक तीच होती. एका मुलीने तिच्या वडिलांच्या निवृत्तीसाठी केक सांगितला होता. वडिलांनी सारे आयुष्य ज्या लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, काम केले, त्याचा फोटो तिने दिला होता आणि तसाच केक हवा म्हणाली होती. यंत्राचा रंग हिरवट राखाडी होता. खाण्याच्या पदार्थावर राखाडी रंग शोभत नाही, असे माझे तेव्हा ठाम मत होते आणि आपले मत म्हणजे आपली दृष्टी, असा माझा समजही होता. मी यंत्र फिकट निळे केले, पायथ्याशी साखरेची पांढरी फुले लावली आणि ते सुंदर झाले म्हणून खूश झाले. ती केक न्यायला आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हिरवट राखाडी जमलं नाही का?" मी म्हटले, "निळा जास्त उठून दिसतो." तिने मान हलवली, पैसे दिले आणि ती केक घेऊन गेली.

तुम्ही पलीकडे उभ्या होतात. ती गेल्यावर तुम्ही रागावला नाहीत. ऑर्डरची चिठ्ठी मागितलीत आणि मला मोठ्याने वाचायला लावलीत. माझ्याच अक्षरात तिथे लिहिले होते, 'रंग फोटोप्रमाणे.' त्याच संध्याकाळी तुम्ही त्या मुलीला फोन केलात, चूक आमची आहे असे स्पष्ट सांगितलेत आणि पैशांचा काही भाग परत केलात; माझे नाव त्यात कुठे येऊ दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला बटरक्रीमचा वाडगा आणि काळा जेल कलर देऊन राखाडी रंग करायला बसवलेत. काळा खाद्यरंग बहुधा अनेक रंग मिसळून तयार केलेला असतो, त्यामुळे तो थोडाच घातला की राखाडीऐवजी कधी जांभळी, कधी निळी झाक येते. जांभळी झाक पिवळ्याच्या टिपक्याने मोडते आणि निळी नारिंगीच्या. लोण्याचा स्वतःचा पिवळेपणा राखाडीला हिरव्याकडे ओढतो. आणि रंग काही तास मुरला की अधिक गडद होतो, म्हणून तो हव्या त्या छटेच्या थोडा अलीकडेच थांबवायचा असतो. हे सारे मला त्या एका दुपारी कळले. वाडग्यात उतरलेला रंग अगदी त्या लेथचा होता, पण तो केक तोवर कापून झाला होता.

त्या दिवशी मला जे समजले ते असे, की राखाडी रंग मला आवडत नव्हता हे खरे असले तरी तो मला करताही येत नव्हता, आणि दुसरी गोष्ट मी पहिलीमागे लपवत होते. तेव्हापासून एखादी मागणी ऐकून मन मागे सरले, की मी आधी स्वतःला विचारते, हे आपल्याला नको आहे की आपल्याला येत नाही? अनेकदा उत्तर दुसरेच निघते. तीन थरांच्या दाट, कमानींवर कमानी चढवलेल्या पायपिंगबद्दल माझे असेच झाले. जोसेफ लॅम्बेथ यांच्या नावाने ओळखली जाणारी ती जुनी पद्धत मला जड आणि गिचमिड वाटायची. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा लोकांना आवडू लागली आणि एकामागून एक मागण्या आल्या, तेव्हा तुमचे शब्द आठवून मी ती नाकारली नाही. तेवढा वेळ मागून घेतला आणि केकच्या डब्यावर आठवडाभर सराव केला. ती शैली अजूनही माझी आवडती नाही, परंतु नोझलवरचा हाताचा दाब सारखा ठेवणे मला त्या सरावानेच जमू लागले.

ग्राहकाशी बोलताना तुम्ही जो एक प्रश्न विचारायचात, तो मी आज दररोज विचारते. कोणी फोटो दाखवला की तुम्ही म्हणायचात, "या चित्रात तुम्हांला नक्की काय आवडलं?" वरवर साधा असलेला हा प्रश्न किती काम करतो, हे मला स्वतंत्रपणे काम करू लागल्यावर उमगले. माणसे संपूर्ण फोटो दाखवतात, पण त्यांना त्यातला बहुधा एकच भाग हवा असतो: एखादा रंग, कडेवरून ओघळलेले चॉकलेट, वर बसवलेली लहानशी आकृती किंवा नुसती उंची. तो भाग कळला, की बाकीच्या भडक गोष्टींवर वाद घालावा लागत नाही, आणि दुसऱ्या कोणा बेकरने कष्टाने केलेल्या केकची हुबेहूब नक्कल करण्याची वेळही येत नाही. कधीकधी मात्र उत्तर येते, "सगळंच आवडलं." मग सगळेच करायचे असते, आणि त्या वेळी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नसते. मला हे सगळ्यात उशिरा जमले.

हरकत असेल तर ती एकदाच सांगायची, कारणासह सांगायची आणि पहिल्याच भेटीत सांगायची, हा तुमचा नियम होता. त्यातला 'कारणासह' हा शब्द मला सर्वांत उपयोगी पडला, कारण 'चांगले दिसणार नाही' हे कारण नसते. व्हिप्ड क्रीमच्या केकवर फॉन्डंट, म्हणजे लाटलेल्या साखरेचे आवरण, हवे असे कोणी म्हटले, तर क्रीममधल्या पाण्याने फॉन्डंटमधली साखर विरघळू लागते, ते चिकट होऊन सरकते, आणि म्हणून खाली गनाश किंवा बटरक्रीमचा घट्ट थर लागतो, हे कारण आहे. उन्हात मोकळ्या जागी बटरक्रीमचा उंच केक चार तास ठेवायचा असेल, तर लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते, हे कारण आहे. गडद लाल आणि काळ्या क्रीमला इतका रंग लागतो की चव कडवट होऊ शकते आणि दात व ओठ रंगतात, हेही कारण आहे. पण तुम्ही तिथे थांबत नव्हता. काळा हवा असेल तर पांढऱ्या क्रीमऐवजी कोकोच्या गडद क्रीमपासून सुरुवात करायची, म्हणजे रंग थोडका लागतो, ही वाटही तुम्ही दाखवत होता. नकाराच्या शेजारी दुसरी वाट ठेवता येते का, हे पाहण्याची सवय मला तुमच्याकडून लागली. तीन मजली केकला पुरेशा आधारकाड्या आणि प्रत्येक मजल्याखाली बोर्ड लागतो, एवढी साधी बाबही ग्राहकाला समजावून सांगितली की तो स्वतःच उंची कमी करायला तयार होतो, हे मी पुष्कळदा अनुभवले आहे.

न आवडणारे काम टाळण्यासाठी त्याची किंमत फुगवून सांगण्याची युक्ती मी एकदा तुमच्याकडे बोलून दाखवली होती. ग्राहक आपणच जाईल, आपल्याला नाही म्हणावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता. तुम्ही विचारलेत, "आणि तो तेवढ्या पैशांना तयार झाला तर?" मला उत्तर सुचले नाही. मग तुम्ही म्हणालात, की दर हा साहित्याचा, वेळेचा आणि कौशल्याचा असतो, आपल्या नावडीचा दर ग्राहकाकडून घ्यायचा नसतो. किचकट कामाला जास्त पैसे सांगणे वेगळे आणि नकोशा कामाला सांगणे वेगळे, हे त्या दिवशी माझ्या मनात पक्के झाले. दोन आराखडे दाखवताना आपल्याला नको असलेला मुद्दाम ओबडधोबड काढू नये, हेही तुम्ही त्याच ओघात सांगितलेत, आणि ते मी खरोखरच करत असे.

तुम्ही नाही म्हणालात असे प्रसंगही मी पाहिले आहेत आणि त्यांचे मोल मला तितकेच वाटते. एका कार्यालयातल्या मंडळींना सहकारी स्त्रीच्या निरोपासाठी तिच्या वजनावर विनोद करणारा केक हवा होता. तुम्ही त्यांना बसवलेत, पाणी दिलेत आणि सौम्य आवाजात म्हणालात, "हा मी करणार नाही. तिच्यासाठी दुसरा काही करायचा असेल तर आत्ता आपण मिळून ठरवू." त्यांच्या आवडीनिवडीला तुम्ही नावे ठेवली नाहीत आणि 'त्या दिवशी वेळ नाही' असे खोटे कारणही पुढे केले नाहीत. ते निघून गेले. त्या दिवशी काम थोडे होते आणि त्या पैशांची आपल्याला गरज होती, हे मला ठाऊक होते, म्हणून तो नकार माझ्या अधिक लक्षात राहिला.

दुसरा नकार चमकीचा होता. सोनेरी-गुलाबी पूड संपूर्ण केकवर हवी होती आणि ग्राहकाने ती स्वतः विकत आणली होती. तुम्ही डबी फिरवून मागची बाजू वाचलीत. तिथे 'अविषारी' असे छापले होते, पण 'खाण्यायोग्य' असे नव्हते आणि घटकांची यादीही नव्हती. अविषारी म्हणजे खाण्यासाठी बनवलेले असे नाही, एवढे सांगून तुम्ही ती परत केलीत. त्या वेळी मला तो अतिरेक वाटला होता. पुढे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाविषयी वाचले: २०१८ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या झाल्या होत्या, आणि केकवरच्या तशाच पुडीत तांबे निघाले होते. वाचून मी बराच वेळ गप्प बसले. ताज्या फुलांच्या बाबतीतही तुम्ही अशाच काटेकोर होता. कण्हेर किंवा हायड्रेंजिया केकवर ठेवू देत नव्हता, ग्राहक कितीही म्हणाला तरी. हवीच असतील तर तशीच दिसणारी साखरेची फुले करून देत होता आणि त्यासाठी रात्री जागत होता.

तुमची आणखी एक सवय मला आता फार मोलाची वाटते. मी केलेला केक तपासताना तुम्ही टर्नटेबल फिरवून आधी मागची बाजू पाहायचात. आपल्या आवडीच्या केकची मागची बाजू माझ्याकडून नीट होत असे आणि नावडत्याची कच्ची राहत असे: कोपरा बोथट, फॉन्डंटला सुरकुती, बोर्डावर रंगाचे बोट. मला ते कळतही नव्हते. नावडीचा राग हातातून असा उतरतो आणि ग्राहकाने तेवढेच पैसे दिलेले असतात, हे तुम्ही मला शब्दांत कधी सांगितले नाहीत. केक फक्त माझ्याकडे वळवून ठेवलात.

मग बेकरची स्वतःची आवड जाते तरी कुठे, हेही मी तुम्हांला जरा चिडूनच विचारले होते. तुम्ही भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवलेत. प्रत्येक केकचा फोटो तिथे लावायचा नसतो, आपल्याला जे पुन्हा करावेसे वाटते तेच लावायचे, म्हणजे हळूहळू माणसे तेच मागायला येतात, असे तुम्ही सांगितलेत. हा सल्ला मी तंतोतंत पाळला. माझ्याकडे आज येणाऱ्या मागण्यांपैकी बऱ्याचशा मला आवडतात, आणि यात ग्राहकांच्या रुचीपेक्षा त्या निवडीचा वाटा मोठा आहे. ज्या आवडत नाहीत त्या मी शांतपणे करू शकते, कारण माझ्या आवडीला तिची स्वतंत्र जागा मिळालेली आहे. तुम्ही ती दाखवली नसती, तर मी ती प्रत्येक ग्राहकाच्या केकवर शोधत राहिले असते.

ताई, त्या लेथवाल्या मुलीचा पत्ता माझ्याकडे राहिला नाही, त्यामुळे तिची क्षमा मला मागता आली नाही. तिच्या निमित्ताने तुम्ही मला जे शिकवलेत, त्याबद्दल मी तुमची अंतःकरणापासून ऋणी आहे.

या आठवड्यात एका मुलाने त्याच्या आजोबांसाठी जुन्या रेडिओचा केक सांगितला आहे, पूर्ण काळा, चकचकीत, कडेला सोनेरी पट्टी. मला काळे केक अजूनही आवडत नाहीत. कोकोची क्रीम काळी करून रात्रभर मुरायला झाकून ठेवली आहे, सोनेरी रंगाच्या डबीवरची घटकांची यादी दोनदा वाचली आहे, आणि उद्या केक झाला की आधी त्याची मागची बाजू पाहीन.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी