कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पीठ नव्हे हो!

संपादक महोदय, स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या हॉट वॉटर कॉर्नब्रेडची, म्हणजे मक्याच्या तळलेल्या टिक्क्यांची, पाककृती आली होती, साहित्यात चक्क लिहिलंय, २ वाट्या कॉर्नफ्लोअर. मी वाचलं तसंच्या तसं करणारी बाई, मंचुरियनला लावतात ती पांढरी पावडर घेतली, त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि झाली काय तर खळ, पूर्वी ह्यांच्या झब्ब्याला घालायचे तशी! तरी म्हणलं असेल तिकडची पद्धत, कशाबशा टिक्क्या थापून तेलात सोडल्या तर दोन मिनिटांत एक फाटकन फुटली आणि तेल उडालं ते ओट्यापासून थेट कालनिर्णयपर्यंत. नशीब मी झारा घेऊन लांब उभी होते.

मग भाचीला फोन लावला, ती अमेरिकेत जॉर्जिया राज्यात असते, तर पोट धरून हसली, म्हणे मावशी तू नुसता स्टार्च तळलास. आपण कॉर्नफ्लोअर म्हणतो ते इंग्रजांकडून आलेलं नाव, अमेरिकेत त्याच पावडरीला कॉर्नस्टार्च म्हणतात. तळायला तिकडे घेतात ते कॉर्नमील, म्हणजे वाळलेला मका रव्यासारखा जाडसर दळलेला. तुमच्या लेखकांनी इंग्रजीतून उतरवताना इथेच गडबड केली असणार.

गिरणीवाल्याच्या मागे लागून मका जाडसर काढून आणला. २ वाट्या पीठ, मीठ, चमचाभर तेल आणि अंदाज घेत सव्वा ते दीड वाटी खळखळ उकळतं पाणी, झाकून १० मिनिटं. अहो ही तर आपली उकड! मक्यात ग्लुटेन नाही, गार पाण्यात तो धरून राहत नाही, म्हणूनच ना आपण तांदळाच्या भाकरीला उकड काढतो, ज्वारीलासुद्धा गरम पाणी घेतो. ओल्या हाताने चपट्या टिक्क्या करायच्या, वर बोटं उमटली तर उमटू द्यायची, तिकडे तीच खूण. लोखंडी तव्यात अर्धा इंच तेल घालून दोन्हीकडून खरपूस. ते लोक बेकनची चरबी घेतात, आमच्याकडे शेंगदाणा तेल, कडेला आलेला कुरकुरीतपणा बघून ह्यांनी ठेचा मागितला.

ह्याच कॉर्नमीलचा तिकडचा दुसरा प्रकार हश पपीज, ती मात्र आपली भजीच समजा, पिठात थोडा मैदा, ताक, अंडं, कांदा, सोडा, आणि तळलेल्या माशाबरोबर खायची. भुंकणाऱ्या कुत्र्यांना गप्प करायला टाकायचे म्हणून हे नाव अशी गोष्ट सांगतात, मला ती नंतर रचल्यासारखी वाटते. साउथ कॅरोलिनात ह्यालाच पूर्वी रेड हॉर्स ब्रेड म्हणायचे, रेड हॉर्स म्हणजे घोडा नाही बरं का, नदीतला मासा. पुरवणीत पुढे हे छापलंत तर तेवढं नीट बघून छापा.

तर एवढंच, येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि "मक्याचं जाडसर पीठ" असं साध्या मराठीत लिहा, कारण ती पाककृती बघून अजून कोणीतरी कढई चढवली असेल. कालनिर्णयवरचा तेलाचा डाग मी तसाच ठेवलाय, पुरावा म्हणून.

एक नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे