फॉन्ट फुकट घ्या, पण पारखून घ्या

संपादक महोदय,

उच्चारकोशांत, बोलींच्या शब्दसंग्रहांत, भाषाशास्त्राच्या प्रबंधांत उच्चारचिन्हांच्या जागी रिकामे चौकोन आजही छापले जातात. याचे वाईट वाटते, कारण यावरचा उपाय फुकट मिळतो. एसआयएल या संस्थेच्या चॅरिस, डूलोस आणि जेंटियम या फॉन्टांत आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी पूर्ण आहे. त्यांचा परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे, त्यामुळे पुस्तक छापून विकायलाही हरकत नाही. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. डूलोसला ठळक आणि तिरपे वळण नाही. ठळकचे बटण दाबले तर सॉफ्टवेअर साधेच अक्षर जाड करून दाखवते. म्हणून कोशासाठी चॅरिस बरा.

चिन्ह पडद्यावर दिसले म्हणजे ते निवडलेल्या फॉन्टमध्ये आहेच, असे समजू नये. नसेल तर सॉफ्टवेअर दुसऱ्या फॉन्टमधून गुपचूप उचलते आणि एकाच शब्दात दोन वळणे येतात. वर्डमध्ये ते चिन्ह निवडून वर फॉन्टचे नाव बदलते का, ते पाहावे.

खरी परीक्षा जोडखुणांची, म्हणजे अक्षराच्या वर किंवा खाली बसणाऱ्या खुणांची. वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०२५९ हा चिन्हाचा युनिकोड क्रमांक टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबले की उलटा इंग्रजी ई येतो. त्याला लागून ०३०३ टाइप करून पुन्हा तेच करावे. अनुनासिकाची लाट अक्षराच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे. बाजूला सरकली तर तो फॉन्ट या कामाचा नाही. मग ०२५६, म्हणजे शेपटीचा मूर्धन्य ड, आणि त्याखाली ०३२५ हे वर्तुळ. कच्च्या फॉन्टमध्ये वर्तुळ शेपटीवर आदळते. खूण नेहमी अक्षरानंतर टाइप करायची. आधीचे अक्षर इंग्रजी ए ते एफपैकी असेल, तर वर्ड त्यालाही आकड्यात ओढतो. अशा वेळी आकड्याआधी यू आणि अधिकचे चिन्ह लावावे.

उच्चार तिरप्या अक्षरांत छापू नयेत. बऱ्याच फॉन्टांत तिरपा इंग्रजी ए एकमजली, म्हणजे वरची कमान नसलेला होतो आणि ध्वनिलिपीत तो वेगळाच स्वर आहे!

छपाईला पीडीएफ देताना अॅक्रोबॅट रीडरमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्सची यादी पाहावी. प्रत्येक नावापुढे एम्बेडेड (फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट) असे नसेल, तर फाइल छापखान्यात पाठवू नये.

– एक मुद्रितशोधक