विद्यार्थ्यांना मनुष्यबळात मोजू नका : बालकल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय बालकल्याण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

बालगृहे, निरीक्षणगृहे आणि किशोरवयीनांसाठीच्या निवासी संस्थांमध्ये आमचे विद्यार्थी दरवर्षी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्यासाठी, जातात. त्यांना तिथे पाठवणाऱ्या, त्यांच्या नोंदवह्या वाचणाऱ्या आणि ते परतल्यावर त्यांचे ऐकून घेणाऱ्या शिक्षकांपैकी मी एक आहे. मागणी एकच आहे. किती मुलांमागे किती माणसे हवीत हे ज्या नियमाने ठरते, त्या नियमात प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याला कर्मचारी म्हणून मोजायला स्पष्ट मनाई असावी. वरवर ही कारकुनी बाब वाटेल, पण क्षेत्रकार्यात जे जे बिघडते त्यातले बरेचसे याच एका जागी येऊन अडकते.

एका विद्यार्थिनीच्या हाती रुजू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत रात्रपाळीच्या किल्ल्या आल्या. नेमणुकीवरच्या काळजीवाहक रजेवर होत्या, बदली कुणी मिळाले नव्हते आणि पाळीच्या तक्त्यात जागा रिकामी दिसायला नको होती. मध्यरात्री दोन मुलींमध्ये मारामारी जुंपली. मध्ये पडावे की नाही, कुणाला उठवायचे, यांच्यापैकी कुणी याआधी स्वतःला इजा करून घेतली आहे का, यातले काहीही तिला कुणी सांगितलेले नव्हते. तिने दोघींना वेगळे केले आणि पहाटेपर्यंत दाराशी बसून राहिली. सकाळी पाळी बदलली आणि त्या रात्रीबद्दल तिला कुणी एक शब्दही विचारला नाही. तिने पदवी घेतली, पण या क्षेत्रात नोकरी केली नाही. तिच्यासारखी मुले हातची गेली की मला फार वाईट वाटते, कारण पहाटेपर्यंत दाराशी बसून राहणारे माणूसच या कामाला हवे असते.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या तिसऱ्या कलमातले ‘बालकाचे सर्वोत्तम हित’ हे शब्द प्रत्येक भाषणात येतात. त्याच कलमाचा तिसरा परिच्छेद मात्र क्वचितच कुणी वाचून दाखवतो. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थांमधील कर्मचाऱ्यांची संख्या, त्यांची पात्रता आणि सक्षम देखरेख ठरलेल्या मानकांप्रमाणे असेल याची खात्री राज्याने करावी, असे तो सांगतो. विद्यार्थ्याला कर्मचारी म्हणून दाखवले की या तिन्ही गोष्टी एकदम ढासळतात. संख्या कागदावर भरते, पात्रता अर्धी असते, आणि जिच्यावर देखरेख व्हायची तिलाच देखरेखीला बसवलेले असते.

दुसऱ्या टोकाची तऱ्हाही पाहिली आहे. काही संस्था विद्यार्थ्यांना कार्यालयीन वेळेतच बोलावतात. त्या वेळी मुले शाळेत असतात, मग विद्यार्थी नोंदवह्या उतरवतात, फायली लावतात, भिंतीवरचे तक्ते रंगवतात. मुलांच्या सान्निध्यातले काम खरे सुरू होते ते ती शाळेतून परतल्यावर. शाळेत काय झाले ते एखादा दप्तर आपटून सांगतो. जेवणाच्या रांगेत धक्काबुक्की होते. दिवे मालवायची वेळ झाली की ज्यांना रात्रीची भीती वाटते त्यांचे पोट दुखू लागते. अडचणीतल्या मुलांसोबत काम करणारे मनोविश्लेषक फ्रिट्झ रेडल यांनी गेल्या शतकाच्या मध्याला हेच मांडले होते की, अडचणीतल्या मुलाशी उपचाराचे बोलणे वेगळ्या खोलीत ठरलेल्या वेळी होण्याची वाट पाहू नये, प्रसंग घडतो तिथेच आणि तेव्हाच ते व्हावे. विद्यार्थ्याने संध्याकाळ आणि रात्र अनुभवायलाच हवी. फक्त ती जाणत्या माणसाच्या सोबतीने अनुभवावी, त्या माणसाच्या जागी उभे राहून नव्हे.

आता मुलांकडून बघू. आमच्या अभ्यासक्रमात ‘केस स्टडी’ लिहावी लागते. प्रत्येक तुकडी येते आणि त्याच मुलांना तेच विचारते: घरी कोण होते, इथे कसा आलास, आठवण येते का? एका मुलाने माझ्या विद्यार्थ्याला न विचारताच सगळी हकिकत सांगून टाकली. सनावळीसकट, कुठेही न अडखळता. विद्यार्थ्याने वहीत लिहिले की मुलगा मनमोकळा आहे. मी ते वाचले आणि मला रात्री झोप आली नाही. किती जणांना सांगून सांगून ती गोष्ट त्या मुलाच्या तोंडी इतकी बसली असेल! खासगीपणाचा हक्क त्याच संहितेच्या सोळाव्या कलमाने मुलांना दिला आहे. मुलाच्या आयुष्याची माहिती गुण मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा उकरून काढणे थांबायला हवे. याची जबाबदारी महाविद्यालयांचीही आहे हे मी मान्य करते, आणि आपण नियम केलात तर तो आम्हालाही लागू करा. विद्यार्थ्याने मुलाचा इतिहास लिहिण्याऐवजी मुलासोबत असतानाच्या स्वतःच्या वागण्याविषयी लिहावे. मी चिडलो तेव्हा काय केले, मी गप्प राहिलो तेव्हा तो काय म्हणाला, हे लिहिता येणे जास्त अवघड आहे आणि जास्त उपयोगाचेही.

शिवाय विद्यार्थी जातात. त्यांना जावेच लागते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालापासून आपल्याला ठाऊक आहे की, जिव्हाळ्याच्या माणसापासून तुटण्याचे घाव मुलाच्या वाढीवर उमटतात. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये या शतकाच्या सुरुवातीला संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींना परक्या मुलांचा सांभाळ करणाऱ्या प्रशिक्षित कुटुंबांत ठेवले गेले आणि त्या मुलांची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांची जवळीक साधण्याची क्षमता विशेष सुधारली. पर्यायी संगोपनाविषयीच्या, म्हणजे आईवडिलांपाशी राहू न शकणाऱ्या मुलांच्या सांभाळाविषयीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सांभाळणाऱ्यांशी मुलाचे सुरक्षित आणि अखंड नाते ही मूलभूत गरज मानली आहे. असे असताना ज्या संस्थेत नेमलेली माणसे कमी आणि येणारे-जाणारे विद्यार्थी जास्त, तिथल्या मुलाच्या वाट्याला काय येते? दर काही महिन्यांनी एक प्रेमळ माणूस येते, लळा लावते आणि निघून जाते. नवा विद्यार्थी आला की मोठी मुले पहिल्याच दिवशी विचारतात, ‘तुम्ही कधीपर्यंत आहात?’ आमच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला आम्ही शिकवतो. निरोपाची तारीख मुलांना आधीपासून माहीत असावी, शेवटचे दिवस ठरवून घालवावेत, परीक्षा जवळ आली म्हणून अचानक येणे बंद करू नये. पण हे सारे तेव्हाच निभते, जेव्हा विद्यार्थी गेल्यावरही मुलाचे रोजचे माणूस जागेवर असते. विद्यार्थी हा त्या नात्यात जास्तीचा असला पाहिजे. तो मुख्य आधार झाला तर त्याचे जाणे मुलासाठी आणखी एक तुटणे ठरते.

चांगले क्षेत्रकार्य कसे असते याचा एक जुना दाखला देते. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक आणि त्यांच्या सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का यांच्या वॉर्सामधल्या अनाथाश्रमाला जोडून, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात, तरुण शिक्षणार्थ्यांसाठी एक वसतिगृह होते. राहण्याजेवण्याच्या बदल्यात ते तरुण मुलांमध्ये ठरावीक वेळ काम करत आणि आपली निरीक्षणे, शंका वहीत लिहीत. विल्चिन्स्का त्या वह्या वाचून त्यांत उत्तरे लिहीत. पैशांची चणचण तिथे कमी नव्हती. तरीही शिकणाऱ्याची वही वाचायला कुणीतरी वेळ काढत होते. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर संस्थेकडून बहुधा फक्त सही होते. ज्यांनी सही करायची ते समुपदेशक आधीच तीन जणांची कामे ओढत असतात, त्यांना मी कोणत्या तोंडाने दोष देऊ?

अधीक्षकांची बाजूही मी जवळून ऐकली आहे. ‘विद्यार्थी मोजायचे नाहीत, तर मग पाळी कोण करणार?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देणे विद्यार्थ्यांचे काम नाही, महोदय, ते आपले आहे. ब्रिटनमध्ये परिचर्या (नर्सिंग) शिकणाऱ्या विद्यार्थिनी दीर्घकाळ रुग्णालयाच्या मनुष्यबळातच धरल्या जात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे शिक्षणाची घडी बदलली आणि प्रात्यक्षिकाला आलेली विद्यार्थिनी कर्मचाऱ्यांच्या संख्येबाहेरची, हे तत्त्व रुजत गेले. आज ते तिथल्या परिचर्या शिक्षणाच्या मानकांचा भाग आहे. विद्यार्थिनी तिथे रुग्णाची सेवा करते, हात लावून काम शिकते, फक्त रिकाम्या जागेवर तिचे नाव चढत नाही. आजाऱ्याच्या खाटेशी जे शक्य झाले ते मुलांच्या संस्थेत अशक्य का असावे?

या एका मनाईसोबत काही गोष्टी आपोआप याव्या लागतील. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कामाच्या तासांत त्या मार्गदर्शनाचा वेळ धरला जावा. चिडलेल्या मुलाला शारीरिक बळाने आवरण्याच्या प्रसंगात प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याला ओढू नये. अत्याचाराची किंवा मारहाणीची शंका आली तर विद्यार्थ्याने कुणाकडे जायचे हे पहिल्याच दिवशी लेखी द्यावे, आणि तक्रार केली म्हणून त्याचे गुण किंवा क्षेत्रकार्य धोक्यात येणार नाही याची हमी असावी. प्रवासखर्चाचेही बघावे, गरीब घरातली मुलेच या अभ्यासक्रमाला जास्त ओढीने येतात आणि तीच मध्येच गळतात.

संस्थांना मान्यता देताना आणि तिचे नूतनीकरण करताना आपले अधिकारी कर्मचाऱ्यांची यादी तपासतातच. त्या यादीसोबत मागच्या काही महिन्यांचे रात्रपाळीचे तक्तेही मागवावेत आणि त्यांतली नावे पगारपत्रकाशी ताडून पाहावीत, एवढा आदेश आपण आजही देऊ शकता. त्याला नवा कायदा लागत नाही. आपण स्वतः पाहणीला जाल तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना अधीक्षकांच्या अनुपस्थितीत भेटा आणि रात्री त्यांच्या सोबत कोण असते, एवढेच विचारा.

आपली नम्र,
क्षेत्रकार्य मार्गदर्शक शिक्षिका