अण्णा, तुमचं झाड मी कापलं

आई, अण्णा, साष्टांग नमस्कार.

अण्णांना फोनवर आता नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे भांडण चाललंय, म्हणून हे पत्र टाइप करून दादाच्या मोबाइलवर पाठवतीये. वहिनीने वाचून दाखवावं आणि मधेमधे हसू नये.

सरळच सांगते. वास्तुशांतीला अण्णांनी जे डिफेनबेकियाचं झाड आणलं होतं, आई ज्याला ठिपक्याचं झाड म्हणते, ते मी कापलं. बुडाशी वीतभर ठेवलं आणि वरचं सगळं तोडलं. लगेच फोन लावू नका, आधी पूर्ण ऐका.

गेली सहा वर्षं अण्णा दर फोनला विचारतात "झाड किती झालं" आणि मी सांगते "माझ्यापेक्षा उंच झालं". ते काही खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. उंची साडेपाच फूट आणि पानं फक्त शेंड्याला सात, बाकी खाली नुसता उघडा दांडा, पाचट काढलेल्या उसासारखा. व्हिडिओ कॉलवर पण मी कॅमेरा मुद्दाम वरच धरायचे. खालची पानं म्हातारी होऊन गळणं हे ह्या झाडाचं चालूच असतं म्हणा, पण खरा घोळ केला समोरच्या टॉवरने. तो उभा राहिला आणि हॉलमधला उजेडच गेला, मग झाड बिचारं गॅलरीच्या दाराकडे मान काढून वाढत सुटलं. दांड्यावर पान गळलेल्या जागी कडी राहते बघा, तर खालच्या जुन्या भागात त्या कड्या बोटबोटभर अंतरावर आहेत आणि वर तीन तीन बोटांवर. टॉवरचा स्लॅब कधी पडला ते त्या दांड्यावर मोजून सांगता येईल इतकं स्पष्ट दिसतं.

मी त्याला पडद्याच्या रॉडला जुन्या ओढणीच्या चिंधीने बांधून ठेवलं होतं. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला त्या रात्री दार उघडं राहिलं, वारा आत आला, चिंधी सुटली आणि कुंडीसकट सगळं आडवं. हॉलभर माती. वादळात आपला ऊस लोळतो ना अगदी तसं, शेंडा मात्र वर वळायला बघतोय. त्याला उभं करताना ठरवलं की आता बास.

आणखी एक कबूल करायचंय. कुंडीत आधी दोन दांडे होते, आठवतंय? त्यातला छोटा मी डिसेंबरातच कापला होता, कुठल्यातरी व्हिडिओत बघून, आणि काचेच्या बरणीत पाण्यात ठेवला. पुण्यात तेव्हा रात्री स्वेटर घालून झोपत होतो आम्ही, आणि मी बरणी ठेवली खिडकीत, पाणीही आठवडा आठवडा बदललं नाही. महिनाभर मुळी फुटायचं नाव नाही, मग खालून काळा पडला, लिबलिबीत झाला आणि वास तर असा सुटला की ह्यांना वाटलं उंदीर मेलाय. थंडीत उगवण रडते हे अण्णांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय मी, पण ते उसाचं, ते कुंडीला पण लागू असेल हे डोक्यातच आलं नाही. फेकून दिला आणि तुम्हाला सांगितलंच नाही.

ह्या वेळी जूनचा पहिला आठवडा धरला. हवा गरम, दमट, वाढीचे दिवस. आणि व्हिडिओ लावलाच नाही, डोळे मिटून मनानेच आपल्या बांधावर बसले आणि तुम्ही उसाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, कसं तोडता ते आठवलं.

पहिलं म्हणजे हत्यार. मी सवयीने ब्रेडची सुरी घेतली तर दांडा चिरडायला लागला, तेव्हा अण्णांचा आवाज कानात आला की एका घावात तुटलं पाहिजे, कांडी पिचली की कुजली. मग नवीन कटरची पाती आणली, सॅनिटायझरने पुसली आणि एकेक तुकडा एका दमात तोडला. शेंडा घेताना सात पानं आणि खाली वीतभर दांडा ठेवला, काप एका कडीच्या जरा खाली, कारण मुळ्या त्या कड्यांच्या आसपासच लवकर फुटतात. खालची दोन पानंही काढली, मुळं नसताना सात पानांना पाणी कुठून पुरवणार ते. मधला दांडा राहिला, त्याच्या सहा कांड्या केल्या, प्रत्येकीवर दोन किंवा तीन डोळे. अगदी आपली उसाची टिपरीच की! कडीवर बारीक फुगीर टोक असतं तोच डोळा, उसापेक्षा लहान, नखाने चाचपला तर कळतो.

आता आईसाठी, कारण हे तिच्या खात्यातलं आहे. हे झाड अळूच्या कुळातलं. पान, दांडा, सगळीकडे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक काड्या असतात, खाजऱ्या अळूत आणि सुरणात असतात त्याच. आई सुरण चिरताना हाताला तेल लावते आणि अळूच्या फदफद्यात चिंच घालायला विसरत नाही, आणि तिची ही शहाणी मुलगी उघड्या हाताने सहा कांड्या तोडून त्याच हाताने ओठाच्या कडेचा घाम पुसते. अर्धा तास ओठ असा चुरचुरला म्हणून सांगू, खालचा तर सुजून पुढे आला. थंड पाण्याने धुतला, दूध प्यायले, संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. तेव्हापासून हातमोजे. आणि पिल्लूला त्या दिवशी शेजारच्या काकूंकडे सोडलं होतं ते किती बरं केलं, कारण तो कांडी बघून पहिलं विचारता "ऊस आहे?" आणि सरळ तोंडात घालता.

गंमत म्हणजे इंग्रजीत ह्या झाडाला डम केन म्हणतात, म्हणजे मुका ऊस! चघळला तर जीभ सुजून बोलणंच बंद होतं म्हणून. मूळचं हे अमेरिकेच्या गरम भागातलं आणि वेस्ट इंडीजमधलं, आणि तिकडच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांना शिक्षा म्हणून हे चघळायला लावायचे असं वाचलं. वाचून कसंतरीच झालं. अण्णांनी हौसेने आणलेलं झाड, त्याच्यामागे पण कुठेतरी ऊसच निघाला.

तर पुढचं. एक गोष्ट मात्र उसापेक्षा वेगळी केली. आपण बेणं तोडलं की होईल तितक्या लवकर लावतो, शिळं होऊ देत नाही. ह्याचा दांडा गरगरीत पाण्याने भरलेला, ओला काप तसाच मातीत गेला की कुजतोच, म्हणून सगळे तुकडे वर्तमानपत्रावर सावलीत एक दिवस पसरले, कापाच्या तोंडावर कोरडी खपली धरेपर्यंत. बेणेप्रक्रियेला आपण बाविस्टीन हे बुरशीनाशक वापरतो ते पण थोडं करून घेतलं, लिटरला एक ग्रॅम, दहा मिनिटं बुडवून. ते आधी आणि सुकवणं नंतर, नाहीतर सुकवून उपयोग काय. तुम्ही शंभर लिटरच्या बॅरलमध्ये करता, मी आंघोळीच्या जुन्या मगात केलं. (तो मग फेकून दिलाय, आई.)

मग पसरट ट्रेमध्ये अर्धी रेती अर्धं कोकोपीट घेतलं आणि कांड्या आडव्या अर्ध्या बुडवल्या, डोळे वर किंवा बाजूला. डोळा खाली गेला की कोंभ वळसा घालून येतो आणि दिवस खातो हे तर मला शाळेत असल्यापासून माहितीये, किती वेळा ओरडा खाल्लाय सरीत उभं राहून. वरून प्लॅस्टिकची पिशवी सैल टाकली म्हणजे दमटपणा राहतो, आणि दिवसातून एकदा उघडून वारं दिलं. पाणी जवळपास नाहीच, नुसती ओल. शेंडा वेगळ्या कुंडीत उभा लावला. जागा गॅलरीच्या आतल्या बाजूला, उजेड भरपूर पण ऊन अंगावर नाही.

आणि बुडखा? तो तसाच कुंडीत. त्याला मी काहीच केलं नाही, ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटायला ठेवतो तो खोडवा, तसा राखला. पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण, म्हणून पाणी एकदम कमी केलं. तीन आठवडे नुसता ठोंब, आमचे हे येताजाता म्हणायचे "मेलं ते, कुंडी मोकळी कर". चौथ्या आठवड्यात सकाळी दूध तापत ठेवून सहज बघितलं तर वरच्या कडीखाली हिरवी टोकदार चोच, पोपटाची असते तशी, आणि तिच्या उलट्या बाजूला आणखी एक. दूध उतू गेलं. आता त्याला दोन फुटवे आहेत, एकाला तीन पानं, एकाला दोन, आणि झाड पहिल्यांदाच खालून भरलेलं दिसतंय.

हे असं का होतं ते पण वाचलं. शेंडा जोरात असेपर्यंत तिथे ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे मोकळे. म्हणजे उसाला तुरा आला की कांड्यांच्या डोळ्यांतून बाजूला पांगशा फुटतात, तोच प्रकार. अण्णा पांगशा दाखवून सांगायचे "डोकं थांबलं की अंग फुटतं", मला वाटायचं ही तुमची आपली एक म्हण आहे.

शेंडा पाचव्या आठवड्यात हलवून बघितला तर हलेना, म्हणजे मुळं धरली. आता नवीन पान गुंडाळी सोडतंय, ठिपके मोठे आणि पांढरेशुभ्र, उजेड मिळाल्यामुळे असावेत.

हाच शेंडा तुम्हाला पाठवतीये. दादा पुढच्या शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्यासोबत. एसटीत मांडीवर घ्यायला सांगा, वर रॅकवर नको. ओसरीवर आतल्या खांबाशी ठेवा, अंगणात उन्हात ठेवलं तर पानं भाजतील. दर पंधरा दिवसांनी कुंडी जरा फिरवायची म्हणजे एका बाजूला वाकत नाही, मी हे सहा वर्षांत एकदाही केलं नाही. आणि रेडकाच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका, ते काहीही चघळतं आणि ह्याने त्याचं तोंड सुजेल.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, दादाबरोबरच देते. अण्णांनी कानाच्या मशीनचं मनावर घ्यावं, ह्याच्यावर मी वेगळं पत्र लिहीन.

आता खरं विचारायचं ते. सहापैकी चार कांड्या उगवल्या, दोन कुजल्या, त्या काढून टाकल्या. म्हणजे ट्रेमध्ये दोन नांग्या, रिकाम्या जागा, पडल्यात. बुडख्याच्या दोन फुटव्यांपैकी एक मोडून तिथे लावू, की खोडवा आहे तसा राहू दे? तुमच्याकडे उसाच्या आडसाली लागणीची गडबड असेल, पण अण्णा, जरा विचार करून वहिनीला सांगा, ती लिहून पाठवेल.

तुमची,
ताई