जुना पीसी भंगारात देण्याआधी एवढे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०ला नेहमीच्या वाटेने मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. तेव्हापासून शाळा, पतसंस्था, सीएंची कार्यालये आणि घरोघरी एकच प्रश्न आहे: 'या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही' असे पडद्यावर येते, मग आता नवा घ्यायचा का? कुठे धडधाकट यंत्र भंगारात जाते. कुठे दुकानदार 'विंडोज ११ टाकून देतो' म्हणतो आणि नेमके काय टाकले हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. दोन्हींत नुकसान सामान्य माणसाचे आहे, म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहे.

आधी नकाराचे कारण शोधावे. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप केले की प्रोसेसरचे नाव आणि बायोस मोड दिसतो (बायोस म्हणजे पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारी बोर्डावरची प्रणाली). इंटेलमध्ये आय३, आय५, आय७ पुढच्या आकड्यावरून पिढी कळते. आय५-३४७० तिसऱ्या पिढीचा, आय५-८४०० आठव्या. विंडोज ११साठीची मायक्रोसॉफ्टची अधिकृत यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीत रायझन २००० मालिकेपासून. पण २२००जी आणि २४००जी नाव बघून फसवतात. त्यांचा गाभा आधीच्या पिढीचा असल्याने ते यादीत नाहीत.

प्रोसेसर यादीत असूनही नकार आला, तर यंत्र जुने नाही, बायोसमधली एखादी सोय बंद आहे. अशा यंत्रांसाठी नवा पीसी घेणे म्हणजे निव्वळ पैसे फेकणे. विंडोज ११ला टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या चाव्या जपणारा भाग, लागतो. त्यासाठी इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' नावाचा पर्याय असतो, तो चालू करावा. दिसत नसेल तर बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अपडेट करून पाहावे. बायोसला हात लावण्याआधी मात्र बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) चालू आहे का ते बघून तात्पुरते थांबवावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. हे विसरले की पुढच्या वेळी यंत्र की मागते, आणि ती नसेल तर डेटा गेला.

बायोस मोड 'लेगसी' म्हणजे जुन्या पद्धतीचा असेल तर सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय, ही विंडोज ११ची दुसरी अट) चालू होत नाही, कारण डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते. ती जीपीटी या नव्या मांडणीची करायला विंडोजमध्येच 'एमबीआर२जीपीटी' हे साधन आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी 'व्हॅलिडेट' चालवावे, ते पास झाले तरच 'कन्व्हर्ट', आणि दोन्ही वेळा शेवटी 'अलाऊफुलओएस' जोडावे. आपल्याकडे हे बरेचदा व्हॅलिडेटलाच अडते. दुकानांत सी, डी, ई, एफ असे भाग पाडून द्यायची पद्धत आहे. या साधनाला मात्र जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालतात आणि एक्स्टेंडेड भाग अजिबात चालत नाही. सी आणि सिस्टीमचा भाग सोडून बाकीच्यांतला डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, ते भाग पुसावेत, डिस्क जीपीटी करून घ्यावी आणि मग ते पुन्हा पाडावेत. क्रमही महत्त्वाचा. आधी डिस्क जीपीटी, मग लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद. उलटे केले तर यंत्राला बूट करायला डिस्कच सापडत नाही.

सीएसएम बंद केल्यावर पडदा पूर्ण काळा झाला तर बोर्ड जळाला असे समजू नये. जिफोर्स २१० सारख्या जुन्या ग्राफिक्स कार्डांत यूईएफआयला (नव्या पद्धतीच्या बायोसला) समजणारा भाग नसतो, म्हणून चित्रच येत नाही. केबल कार्डातून काढून बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टला लावावी. तरीही पडदा काळाच राहिला तर वीज बंद करून सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. बायोस मूळ स्थितीत येतो. या एका गोष्टीपायी चांगले बोर्ड 'डेड' म्हणून विकले जातात, याचे फार वाईट वाटते.

आता दुसरे टोक. कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड आणि एएमडी फिनॉम २ यांच्यावर विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती चालणे शक्य नाही. तिला 'एसएसई ४.२' आणि 'पॉपकाउंट' या प्रोसेसरच्या अंगभूत सूचना लागतात आणि यांपैकी कोणत्याही प्रोसेसरात त्या दोन्ही एकत्र नाहीत. कोणतीही युक्ती सिलिकॉनमध्ये नसलेली गोष्ट आणू शकत नाही. आधीच्या २३एच२ आवृत्तीच्या होम आणि प्रोचे अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ला संपले, त्यामुळे ती टाकून देणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

मधल्या गटाचाच खरा प्रश्न आहे: इंटेलची पहिली ते सातवी पिढी. माझ्या मते चौथ्या पिढीच्या खाली अटी वगळून विंडोज ११ टाकायचा खटाटोप करू नये. त्यापुढेही एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तरच करावा, हार्ड डिस्कवर विंडोज ११ वापरणे म्हणजे रोजचा मनस्ताप. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला रॅम घेताना 'डीडीआर३एल' म्हणजे १.३५ व्होल्टचीच मागावी, जुनी १.५ व्होल्टची बसते पण चालत नाही.

कोरी स्थापना करायची तर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन रूफस या मोफत साधनाने मायक्रोसॉफ्टची मूळ आयएसओ फाइल (विंडोजची पूर्ण प्रत असलेली एकच फाइल) त्यावर चढवावी. फाइली हाताने कॉपी करू नयेत, 'इन्स्टॉल.विम' ४ जीबीहून मोठी असते आणि पेन ड्राइव्हची फॅट३२ ही मांडणी ती घेत नाही. रूफस स्वतःच टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची अट काढायची का, असे विचारते. लेगसी बायोस असेल तर तिथे एमबीआर निवडावे, अशा यंत्रावर यूईएफआयचा हट्ट नको. रूफसविना करायचे तर नकाराच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून रेजेडिट (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचे साधन) उघडावे. लोकल मशीन, सिस्टीम, सेटअप या वाटेने जाऊन 'लॅबकॉन्फिग' ही की तयार करावी. तीत 'बायपासटीपीएमचेक' आणि 'बायपाससिक्युअरबूटचेक' या ३२ बिटच्या डीवर्ड नोंदी करून किंमत १ द्यावी. नावे इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. मग एक पाऊल मागे जाऊन पुन्हा पुढे. पेन ड्राइव्हवरून बूट केले असेल तरच हे चालते.

शेवटच्या टप्प्यात इंटरनेट मागितले जाते आणि जुन्या वायफायचा ड्रायव्हर नसल्याने लोक तिथेच अडकतात. ॲन्ड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे, पुढचे काम होते.

आहे त्याच विंडोज १०वरून फाइली राखून वर जायचे तर आयएसओ माउंट करून कमांड प्रॉम्प्टवरून 'सेटअप' ही फाइल 'प्रॉडक्ट सर्व्हर' या जोडणीसह चालवतात. पडद्यावर विंडोज सर्व्हर असे नाव दिसते, घाबरू नये, बसते ती आपलीच आवृत्ती. इथली खोड भाषेची: मूळ विंडोज अमेरिकन इंग्रजीचे आणि आयएसओ इंटरनॅशनल इंग्रजीची असेल तर 'फाइली व ॲप ठेवा' हा पर्याय मिळत नाही. पसंत पडले नाही तर दहा दिवसांत सेटिंगमधून मागे जाता येते. तरी बॅकअप आधीच घ्यावा.

दुकानदारांनी गिऱ्हाइकाला काय सांगायला हवे, ते यानंतरचे आहे. अटी वगळून विंडोज ११ टाकलेल्या यंत्राला अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. महिन्याचे अपडेट सहसा येतात, पण वर्षाची नवी आवृत्ती आपोआप येत नाही, ती दरवेळी अशाच पद्धतीने हाताने टाकावी लागते. व्हॅलोरंटसारखा खेळ टीपीएम आणि सिक्युअर बूट नसल्यास चालत नाही. हे सारे बिलावर लिहून द्यावे, एवढी साधी अपेक्षा आहे. आणि डिफेंडर (विंडोजचे स्वतःचे अँटिव्हायरस) व अपडेट कापून टाकलेल्या 'लाइट' आयएसओ बँकेचे व्यवहार होणाऱ्या यंत्रावर कोणीही टाकू नयेत. त्यात आणखी काय घातले आहे हे कोणालाच तपासता येत नाही.

घाई नसेल तर विंडोज १०च्या २२एच२ या आवृत्तीवरच राहून वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवता येते. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, आणि मायक्रोसॉफ्ट खाते जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. फक्त ब्राउझर आणि लिखाणासाठी असलेल्या यंत्रावर, कोअर २ ड्युओवरसुद्धा, लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली बसते. त्याला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत आणि इनस्क्रिप्टने मराठी टाइप होते. शक्यतो ४ जीबी रॅम असावी आणि आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासावा.

पतसंस्थांसाठी एक वेगळी सूचना. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे. डॉसवरची फॉक्सप्रोतली जुनी हिशेब-प्रणाली ३२ बिट विंडोज १०वर चालत असेल, तर नव्यावर ती थेट उघडणार नाही. आधी दुसऱ्या यंत्रावर डॉसबॉक्समध्ये (नव्या विंडोजवर डॉसचे वातावरण देणाऱ्या साधनात) ती चालते का आणि पासबुक छापले जाते का, हे पाहावे. तोवर ते जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवावे आणि रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा.

कळावे,
आपला वाचक,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, सांगली