कुत्र्याचं रक्त आणि माणसाचा रिपोर्ट

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात गाई-म्हशींच्या आजारांबद्दल नेहमी येतं आणि आमच्या घरी ते सगळे वाचतात, पण कुत्र्या-मांजरांच्या तपासण्यांबद्दल कधी काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितेय. पत्र जरा लांब होईल, पण त्यातले आकडे कापू नका एवढी विनंती, कारण सगळी गोष्ट त्या आकड्यांचीच आहे.

आमची चिंगी गावठी कुत्री, सहा वर्षांची, गोठ्याच्या दारात झोपणारी. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी सोडली, दुधालाही तोंड लावेना, हात लावला तर अंग तव्यासारखं. डॉक्टर घरी आले, ताप मोजला तर १०४ च्या वर (कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यासारखं ९८ नाही). दोन दिवस इंजेक्शनं दिली, ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी परत चढला. तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं की रक्त तपासूया, आणि आम्ही लगेच हो म्हणालो. पुढच्या पायाची शीर धरून जांभळ्या झाकणाच्या छोट्या बाटलीत रक्त घेतलं, आमच्या दिरांनी ते शहरातल्या एका लॅबमध्ये नेऊन दिलं. लॅब अर्थातच माणसांची, आमच्या भागात जनावरांच्या रक्ताची वेगळी लॅब मला तरी सापडली नाही आणि जवळपास सगळे डॉक्टर असंच सॅम्पल पाठवतात.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पेशंटचं नाव चिंगी, पुढे आमचं आडनाव, वय ६ वर्षं, लिंग स्त्री. कुत्रा हा शब्द अख्ख्या कागदावर कुठे नाही. पांढऱ्या पेशी १३,४०० आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात जास्त अशी खूण. लाल पेशींचा सरासरी आकार ६६, पुढे कमी अशी खूण. प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) १ लाख ६२ हजार, पुढे काहीच खूण नाही म्हणजे नॉर्मल. त्यावरून सगळ्यांनी असं धरलं की अंगात इन्फेक्शन आहे आणि रक्तात लोह कमी आहे. अँटिबायोटिक बदललं, लोहाचं टॉनिक सुरू झालं आणि आम्ही निवांत झालो की चला, कळलं एकदाचं काय आहे ते.

आता खरी गोष्ट ऐका, जी मला पुढे दहा दिवसांनी समजली. पांढऱ्या पेशी माणसात ४ ते ११ हजार नॉर्मल धरतात, कुत्र्यात साधारण ६ ते १७ हजार, म्हणजे चिंगीचे १३,४०० अगदी ठीक होते. लाल पेशींचा आकार माणसात ८० ते १००, कुत्र्यात ६० ते ७७ च्या आसपास, म्हणजे तिचे ६६ पण ठीक, ते लोहाचं टॉनिक उगाचच पोटात गेलं. आणि प्लेटलेट माणसात दीड ते साडेचार लाख पण कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख, म्हणजे ज्या एका आकड्यापुढे खूण हवी होती तिथेच ती नव्हती. जे बरोबर होतं त्याला लॅबनं चूक म्हटलं आणि जे बिघडत होतं त्याला बरोबर. मशीनची यात चूक नाही, त्याला जे रक्त दिलं ते त्यानं मोजलं, शेजारच्या रकान्यात नॉर्मल म्हणून जे छापलं होतं ते माणसाचं होतं, बास एवढंच.

आठव्या दिवशी पहाटे मी गोठ्यात गेले तर चिंगीच्या पोत्यावर रक्ताचे थेंब, एका नाकपुडीतून रक्त येत होतं आणि ती ते जिभेनं चाटत बसली होती. तिला उताणी केली तर पोटाच्या कातडीवर मोहरीएवढे लाल ठिपके, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. आमच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं आता थांबू नका, पुण्याला न्या. तीन तासांचा रस्ता, ती पूर्ण वेळ माझ्या मांडीवर, नाकाला ओला फडका लावून.

तिथल्या क्लिनिकमध्ये पहिलं काम काय केलं तर परत रक्त घेतलं, पण या वेळी मशीनवर कुत्रा असं निवडून. प्लेटलेट आल्या ३१ हजार. तरी डॉक्टर म्हणाल्या की थांबा, नुसत्या मशीनवर विश्वास ठेवायचा नाही, बाटलीत प्लेटलेटचे गोळे झाले तर मशीन कमी आकडा दाखवतं. मग काचेच्या पट्टीवर एक थेंब घेऊन दुसऱ्या पट्टीनं पसरवला, रंगवला, आणि मायक्रोस्कोपखाली कडेपर्यंत बघितला, गोळे नव्हते, प्लेटलेट खरंच कमी होत्या. पांढऱ्या पेशीत जंतूंचा पुंजका दिसतो का तेही बघितलं, नाही दिसला, पण त्यांनी सांगितलं की तो सुरुवातीच्या दिवसांतच दिसला तर दिसतो, नाही दिसला म्हणजे आजार नाही असं नसतं. मग झटपट तपासणीच्या किटवर रक्ताचे दोन-तीन थेंब टाकले आणि आम्ही सगळे त्या छोट्या पट्टीकडे बघत बसलो, दहा मिनिटांत दुसरा ठिपका निळा झाला. एर्लिकिया. गोचिडीचा ताप. सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस मशीननं काढले, तिला फोमच्या खोलगट गादीवर उताणी ठेवली, पुढचे पाय दिरांनी धरले, मागचे मी. गार जेल लागल्यावर एकदा दचकली आणि मग गप्प पडून राहिली. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवलं, ही पाणथरी, सुजलीय. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवी पण तपासली, कारण या आजारात किडनीलाही मार बसू शकतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, पूर्ण २८ दिवस, आणि बजावून सांगितलं की चार दिवसांत जेवायला लागली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

पहिला रिपोर्ट मी त्यांना दाखवला. त्या स्पष्ट म्हणाल्या की १ लाख ६२ हजार या एका आकड्यावरून कुणीच ठाम निदान करू शकत नाही, पण ताप, अंगावर गोचीड आणि उतरलेल्या प्लेटलेट हे तिन्ही एकत्र समोर असतं तर कुणाही डॉक्टरनं त्याच दिवशी स्लाइड, म्हणजे ती काचेची पट्टी, बघितली असती किंवा किट लावली असती. आमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, रात्री अकरालाही फोन उचलणारा माणूस आहे तो, रोज शंभर कामं, रिपोर्टवर खूण दिसली ती धरली. पण चिंगीचे आठ दिवस गेले ते गेलेच.

मांजरांचं तर याहून अवघड आहे. मशीन पेशी मोजतं ती आकारावरून, आणि मांजराच्या लाल पेशी माणसापेक्षा बऱ्याच लहान, प्लेटलेट मात्र मोठ्या, त्यामुळे माणसासाठी सेट केलेल्या मशीनला कोण कुठली पेशी ते वेगळं करताच येत नाही. तिथे नुसती नॉर्मलची यादी बदलून भागत नाही, मशीनमध्येच त्या प्राण्याची सेटिंग लागते. म्हणजे घरात मांजर असणाऱ्यांनी असा रिपोर्ट हातात आला तर स्लाइड कुणी डोळ्यांनी बघितलीय का हे विचारलंच पाहिजे.

आणि स्लाइड ही काही पुण्या-मुंबईचीच गोष्ट नाही हो. आमच्या डेअरीच्या गावात संकरित गायीला ताप आला, लघवी लाल झाली की थायलेरिया आहे का बबेसिया (दोन्ही गोचिडीतून होणारे आजार) हे बघायला कानाच्या टोकाचं रक्त काचेवर घेतात, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. तोच मायक्रोस्कोप, तोच रंग, तीच पट्टी. मग कुत्रं नेलं की ती पट्टी का बाहेर येत नाही? एका सरकारी दवाखान्यात मी विचारलं तर म्हणाले, ताई आम्हाला गाई-म्हशीच उरकत नाहीत. माणसं कमी आहेत हे मला दिसतंय, त्यांच्यावर राग नाही, पण मग माणसं वाढवा ना.

सोनोग्राफी आणि एक्स-रेचं पण तेच. मे महिन्यात शेजारच्यांच्या लॅब्रेडॉरनं आंब्याची कोय गिळली, चार दिवस नुसत्या उलट्या. एक्स-रे काढला तो एकाच बाजूनं, त्यात काही दिसलं नाही, म्हणून अॅसिडिटीचं औषध. नंतर कळलं की पोटाचा एक्स-रे कमीत कमी दोन बाजूंनी काढतात, एक कुशीवर आणि एक उताणं, आणि कोय काही लोखंडाचा खिळा नाही चकचकीत दिसायला, अशा वेळी सोनोग्राफी जास्त कामाची. आतड्यात अडकलेली कोय शेवटी ऑपरेशन करून काढली, कुत्रा वाचला. त्या एक्स-रेच्या वेळी आणखी एक बघितलं ते सांगायलाच हवं. घरातल्या मुलीला कुत्रा धरून उभं केलं आणि अंगावर शिशाचा अॅप्रन नाही. ती मुलगी १५ वर्षांची. असं कुणी करू नका आणि करू देऊ नका, कुत्र्याला थोडी गुंगी द्या, नाहीतर अॅप्रन घालून मोठ्या माणसानं धरा.

मुंबईत परळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे ते १८८६ पासून, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं, तिथे एमआरआय, सीटी स्कॅनसुद्धा होतो, फार चांगली गोष्ट आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातही शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. पण नाकातून रक्त येणारं जनावर मांडीवर घेऊन खंबाटकीचा घाट चढायचा म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. आम्हाला सीटी स्कॅन नकोय. आम्हाला तालुक्याला एक मायक्रोस्कोप आणि तो बघणारा माणूस हवाय, आणि जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आठवड्यातले दोन दिवस ठरवून कुत्र्या-मांजरांची सोनोग्राफी आणि एक्स-रे झाला पाहिजे, त्याचे वार बाहेर बोर्डावर लिहिलेले पाहिजेत. फी घ्या, आम्ही देतो. चिंगीच्या पहिल्या रक्ताला आम्ही सहाशे रुपये दिलेच होते की.

लॅबवाल्यांना माझी विनंती यापेक्षाही साधी आहे. जनावराचं रक्त घेताय तर घ्या, आमची सोयच होते, पण रिपोर्टवर सगळ्यात वर कुठलं जनावर ते लिहा आणि नॉर्मलच्या रकान्यात त्या जनावराचे आकडे छापा. तेवढं जमत नसेल तर तो रकाना मोकळा सोडा, जास्त-कमीच्या खुणा काढून टाका आणि नुसते आकडे द्या, डॉक्टर बघून घेतील. मोकळा रकाना असता तर आमच्या डॉक्टरांनी नक्की पुस्तक उघडलं असतं.

आणि घरोघरच्या लोकांना, विशेषतः आमच्यासारख्या गावातल्यांना सांगते, डॉक्टर रक्त तपासायचं म्हणाले तर "कुत्र्याला कसली आली रक्ततपासणी, द्या एक सुई" असं म्हणू नका. मी हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर बसून कितीतरी वेळा ऐकलंय, आणि डॉक्टर मग नाइलाजानं सुई देतात. न तपासता दिलेली सुई लागू पडली तर ठीक, नाही पडली तर आठ दिवस, पंधरा दिवस गेले, आणि ते मुकं जनावर बोलू शकत नाही. अंगावर गोचीड असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, किती दिवसांपासून आहे ते सांगा, आधी कुठली औषधं झाली ती चिठ्ठी बरोबर न्या, आणि जुने रिपोर्ट फेकू नका.

चिंगीच्या २८ दिवसांच्या गोळ्या संपल्यावर परत रक्त तपासलं, प्लेटलेट २ लाख ४० हजार आल्या. तो रिपोर्ट मी पहिल्या रिपोर्टला टाचून ठेवलाय. पशुसंवर्धन खात्यातल्या किंवा लॅबच्या कुणालाही दोन्ही शेजारी ठेवून बघायचे असतील तर तुमच्या कार्यालयात झेरॉक्स आणून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, कराड तालुका, जि. सातारा